सवत आंब्याच्या नावाची हकिकत

पासली, ११ एप्रिल १९३७, रविवार

यांना भोरच्या कचेरीतून छापील कागद आलाय. मेअखेर तिथं फळांचं प्रदर्शन आहे, गावात नावाजलेलं झाड असेल तर शाळेच्या मास्तरांनी माहिती भरून पाठवावी. रकाने: झाड, मालक, अंदाजे वय, फळाचा रंग व चव, आणि शेवटी 'नावाचा अर्थ व मूळ'. हे म्हणाले, तुझं अक्षर माझ्यापेक्षा बरं, तू लिही. म्हणजे विचारपूसही मीच करायची. बरंच झालं. दुपारभर दुसरं काय असतं मला इथं.

कुठलं झाड हे शोधावं लागलं नाही. पाण्यावर गेले तर चारही बायकांनी एकच सांगितलं, रामजीतात्यांच्या बांधावरचा आंबा. आम्ही इथं आलो गेल्या जूनच्या शेवटी, तेव्हा आंबे सरलेले, म्हणून अजून खाल्लेला नाही. नाव विचारलं. सवत.

परत विचारलं. परत तेच. सगळ्या हसल्या, मीही हसले. घागर मात्र अर्धीच भरून आणली. घरी आल्यावर कळलं.

१४ एप्रिल, बुधवार

शब्दाचं मूळ बघावं म्हणून यांचा शब्दकोश काढला. मूळ सापडलं, संस्कृत सपत्नी. त्याच पानात पत्रही सापडलं. सासूबाईंचं, यांच्या नावचं, महिन्यापूर्वीचं. वाचायला नको होतं. वाचलं.

लग्नाला पाच वर्षं झाली, पाळणा हलत नाही, किती वाट बघायची. वाईला एक स्थळ आहे, मुलगी धडधाकट, माणसं समजूतदार, पहिली बायको असूनही द्यायला तयार. इंदूला कुणी टाकत नाही, ती कामाची आहे, उलट तिला सोबतच होईल. मेच्या सुटीत आलास की मुलगी बघून घेऊ.

होतं तिथं ठेवून दिलं. महिनाभर रोज समोर बसून जेवतो आम्ही. यांनी अवाक्षर काढलेलं नाही.

संध्याकाळी विचारत होते, मूळ सापडलं का. म्हटलं, सापडलं.

१८ एप्रिल, रविवार

आज पाटलांकडे गेले होते. त्यांचं म्हणणं, ह्या झाडाचा आंबा एकदा खाल्ला की बाकीची झाडं नावडती होतात, म्हणून सवत. पाटलीणबाई आतून म्हणाल्या, तसं असतं तर आवडती म्हटलं असतं.

यांनी आपलं वेगळंच काढलंय. म्हणे मूळ नाव 'सावंताचा आंबा' असणार. कोणी सावंत पूर्वी इथं राहत असेल, त्यानं लावला असेल, बोलता बोलता सावंतचा सवत झाला. फार खूश आहेत. शाळेच्या फळ्यावर लिहूनही दाखवलं. मी विचारलं, सावंत कुठं गेला मग? म्हणाले, तो इतिहासाचा प्रश्न आहे.

खुद्द रामजीतात्यांना गाठलं. बांधावर बसले होते. सत्तरी उलटली असेल, दात दोन, हसू तोंडभर. म्हणाले, "म्या सांगू नये. घरात इचारा." आणि घराकडे बोट केलं. घर बंद होतं.

झाड बघून घेतलं. मोठं थोरलं, पण बुंध्याजवळ एका बाजूला जरा कललेलं, कान देऊन ऐकणाऱ्या बाईसारखं. कैऱ्या घोसानं.

२३ एप्रिल, शुक्रवार

चैत्रातलं हळदीकुंकू केलं. भोरला सासरी असते तर शंभर बायका झाल्या असत्या, इथं अकरा. पण पन्ह्याचं पातेलं धुवायलासुद्धा उरलं नाही इतकं संपलं. डाळीला कैऱ्या 'सवती'च्याच, गजराआजींनी सकाळीच आणून दिल्या. ह्या रामजीतात्यांच्या मालकीणबाई. पाठ अजून ताठ, बोलणं हळू, डोळे मात्र एका जागी ठरत नाहीत.

सगळ्यांना कुंकू लावून झालं तेव्हा आजींनी करंडा मागून घेतला. म्हटलं कुणी राहिलं का. म्हणाल्या, एक बाई बांधावर उभी हाय, तिला यायला जमत न्हाई. मी मागोमाग गेले. झाडाला हळद लावली, कुंकू लावलं, थोडं पन्हं बुंध्याशी ओतलं.

तिथंच नावाचं विचारलं. म्हणाल्या, पहिला पाड पडला की ये, आंबट तोंडानं ऐकायची गोष्ट न्हाई ती.

पत्र वाचलं त्या दिवसापासून मला पहिल्यांदाच पोटभर जेवावंसं वाटलं. डाळ दोनदा घेतली.

२ मे, रविवार

कळलं. जसं सांगितलं तसं लिहून ठेवते, नाहीतर हे उद्या त्यात सावंत घालतील.

झाडावरच पिकून पहिला पाड पडला म्हणून आजींनी बोलावणं धाडलं. झाडाखाली दोघी बसलो. आंबा चोखायचा, देठाशी शेंदरी, रस केशरी आणि पातळ, मनगटावरून ओघळतो. वास असा की आपण गप्प होतो.

आजींचं लग्न दहाव्या वर्षी झालं. बाविशी आली तरी मूल नाही. सासू स्वभावानं वाईट नव्हती, पण गावच्या जोशानं सांगितलं होतं, रामजीच्या नशिबात दोन बायका आहेत, आणि म्हातारीनं ते धरून ठेवलं. कापूरहोळची मुलगी ठरवली. दिवसही ठरला. रामजीतात्या आईपुढे कधी बोलले नव्हते, तेव्हाही बोलले नाहीत. आजी सात दिवस चुलीपाशी बसून होत्या, माहेरी जावं की विहिरीत, एवढाच विचार.

साखरपुड्याच्या आदल्या सकाळी तात्या उकिरड्यावर गेले. तिथं एक कोय रुजून आलेली, वीतभर रोप. मातीसकट उचलून गाडग्यात घातलं, त्याला मुंडावळी बांधली, स्वतःच्या कपाळाला दुसरी बांधली, आणि अंगणात आईसमोर येऊन उभे राहिले. आजींना त्यांचे शब्द पाठ आहेत.

"आये, दोन बायका लिवल्यात न्हवं? ही दुसरी. हिला सांबाळीन. तिसरी काय माझ्या नशिबात न्हाई."

म्हातारीनं दार लावून घेतलं. पण तोवर गाव जमलं होतं. कुणी तांदूळ आणले, कुणी हलगी. हसत हसत लग्नच लागलं. गाडगं बांधावर नेऊन रोप लावलं तेव्हा बायकांनी नवरीला हाक काय मारायची असं विचारलं, आणि आजींच्याच तोंडून निघालं, सवत. तेच पडलं.

आजी म्हणाल्या, "लोक हसत हुती तवा म्या रडत हुते. मंग तिला पानी घालायला गेले, आन् तितं एकटीच हसले."

त्या कापूरहोळच्या मुलीचं काय झालं, मी विचारलं. तिचं लगेच दुसरीकडे झालं, नसरापूरकडे. चार मुलगे, नातवंडं. दरसाल एक पाटी आंबे तिच्याकडे जातात. ती निरोप देते, सवतीचं आलं, गोड हुतं.

आणि मूल? ते विचारायला माझी जीभ रेटेना. आजींनीच सांगितलं. नाही झालं. झाडाला पहिला मोहर आला त्या साली वाटलं होतं होईल. नाही झालं. "पन आमी दोगं हाय की."

मग मला विचारलं, तुझ्या लग्नाला किती झाली. म्हटलं पाच. माझे हात रसानं भरलेले, म्हणून त्यांनी स्वतःच्या पदरानं माझं तोंड पुसलं. मी रडत होते हे मला तेव्हा समजलं.

३ मे, सोमवार

यांना सगळं सांगितलं. लेखणी हातात घेऊन बसले होते, ती दौतीत बुडवायची राहिली. म्हणाले, मग सावंत? म्हटलं, सावंत नाहीच कुणी.

हसले नाहीत. विचारलं, रामजीतात्या आईपुढं बोलले कसे?

म्हटलं, तितके बोलले नाहीत. रोप घेऊन उभे राहिले.

मग म्हणाले, शब्दकोशात एक पत्र आहे. म्हटलं, माहीत आहे. म्हणाले, मला वाटलंच होतं तू बघशील. म्हणजे मुद्दाम ठेवलं होतं, स अक्षरात. तोंडानं सांगवेना म्हणून. राग आला आणि हसूही आलं. एवढा शिकलेला माणूस, बायकोशी बोलायला शब्दकोश लागतो.

विचारलं, तुमच्या मनात काय आहे. म्हणाले, मला ते नको आहे, आईला सांगायला हवं. 'सांगायला हवं' म्हणाले. 'सांगतो' म्हणाले नाहीत. तरी आज झोप लागेल असं वाटतं.

कागद भरला. शेवटचा रकाना पुरेना, मागच्या बाजूला लिहिलं, तीही भरली.

११ मे, मंगळवार

कागद परत. वर तांबड्या शाईनं शेरा: सदर नाव सभ्य मंडळींपुढे वाचण्याजोगे नाही, बदलून शोभेलसे नाव लिहावे, हकिकत गाळावी.

हे शेरा वाचून सावंताकडे वळले होते, चेहऱ्यावरून कळत होतं. मी म्हटलं, आधी मालकांना विचारा.

शाळेला सुटी लागून आठवडा झाला. भोरला जायचं दोघंही काढत नाही. कुणी विचारलं तर म्हणायचं, प्रदर्शनाचं काम आहे.

१२ मे, बुधवार

दोघं मिळून गेलो. तात्या आढी लावत होते, भाताच्या पेंढ्यात आंबे निगुतीनं एकेक. शेरा वाचून दाखवला. तात्या म्हणाले, नाव बदललं तर चव बदलंल का, मग कशापायी. आजींनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "तिला नगं न्यायला तितं. हितंच खाऊ." रागानं नाही. मुलीला कुणी नावं ठेवली तर आई घरात घेते, तसं.

घरी येऊन यांनी खुर्ची ओढली आणि कचेरीला उत्तर लिहिलं. झाडाचं नाव मालकांनी ठेवलेलं आहे, ते बदलण्याचा मला अधिकार नाही, कचेरीलाही दिसत नाही. याच नावानं आणि हकिकतीसह घ्यायचं असेल तर आंबे पाठवतो. नाहीतर गावात खपतात. तीनदा वाचलं, पाणी प्यायले, पाकीट बंद केलं.

माझ्या नवऱ्यानं कचेरीला नाही म्हटलं. मी उगीच भांडी लावत होते, आवाज जरा मोठा झाला असेल.

मग दुसरा कोरा कागद घेतला. 'ती. सौ. आईस साष्टांग नमस्कार' एवढं मला पाठीमागून दिसलं. मी परसात गेले. परत आले तेव्हा पाकीट बंद होतं. काय लिहिलं विचारलं नाही. यांचे कान लाल झालेले.

२० मे, गुरुवार

काल दुपारी दारात गाडी. सासूबाई. मामंजींना भोरला ठेवून एकट्या. कापूरहोळापर्यंत मोटार, पुढे बैलगाडी, असा दोन दिवसांचा प्रवास करून. आम्ही इथं आल्यापासून पहिल्यांदाच. हातात लाडवांचा डबा. मी पाया पडले तर आशीर्वाद नेहमीचाच दिला. यांना म्हणाल्या, "पत्र मिळालं. उत्तर लिहून भागेना, म्हणून आले."

त्यानंतर त्या विषयावर एक शब्द नाही. कालही नाही, आजही नाही. घर बघितलं, पाणी कुठून आणते विचारलं, माझी चूल सरकवून वाऱ्याच्या आड केली. धूर खरंच कमी झाला. हे जीव मुठीत धरून बसलेत. मी पण. पण पुरणपोळ्या मात्र छान झाल्या आज, त्याला काय करणार.

कचेरीचंही उत्तर आलं. चार शब्द. आंबे पाठवावेत. नाव पाहू.

२२ मे, शनिवार

आढी उघडली. गजराआजींनी सासूबाईंना मुद्दाम बोलावलं. नाव निघणारच होतं.

झाडाखाली घोंगडी टाकली. सासूबाई आधी एकच म्हणाल्या, मला पित्त होतं. तीन खाल्ले. मग बोटं पुसत विचारलं, जात कुठली हिची, नाव काय.

मी खाली बघितलं. आजींनी सांगितलं, आणि विचारायच्या आतच पुढची सगळी गोष्ट सांगितली, मला सांगितली तशीच. ना कमी ना जास्त. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. सासूबाई ऐकत होत्या. मुंडावळीपाशी त्यांचा हात थांबला. मला वाटलं आता उठतील.

त्यांनी विचारलं, "आणि सासू काय म्हणाली?"

इतक्या जणांना ही गोष्ट सांगून झाली असेल, पण हे बहुधा कुणी विचारलं नव्हतं. आजी म्हणाल्या, म्हातारी त्या झाडाकडे नऊ वर्षं फिरकली नाही. वाट बदलून जायची. पहिल्या साली सातच आंबे लागले, ते सातही आजींनी तिच्यापुढं ठेवले. तिनं खाल्ले. एकटीनं. कुणाला फोड दिली नाही.

"मंग म्हनली, दोनी सुनांत हीच बरी. उलटून बोलत न्हाई."

सासूबाई हसल्या. मी त्यांना पाच वर्षं ओळखते, ओठ मिटून हसणाऱ्या बाई. आज तोंड उघडून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, रसाचा हात तसाच वर धरून. आजी हसल्या, तात्या दोन दात दाखवून हसले, मी पण. कशाला हसतेय ते मला नीट सांगता येणार नाही.

घरी येताना चढावर त्यांनी माझा खांदा धरला. आधाराला असेल.

२६ मे, बुधवार

आंबे आज निघाले. दोन पाट्या, वर पळसाची पानं. तात्या स्वतः बरोबर, नवं पागोटं. त्याच गाडीतून सासूबाई परत.

निघायच्या आधी हे धीर करून म्हणाले, आई, ते वाईचं. सासूबाई म्हणाल्या, गाडी थांबलीय. एवढंच.

पण बांधापाशी गाडी थांबवायला लावली. उतरल्या, गजराआजींकडून तीन कोयी मागून घेतल्या, रुमालात बांधल्या, परसात लावीन म्हणाल्या. हे म्हणाले, आई, कोयीचं झाड आईसारखंच निघेल असं नाही. सासूबाई म्हणाल्या, मला सांगतोस?

गाडी वळणापलीकडे गेली. हे म्हणाले, याचा अर्थ काय? म्हटलं, बघा शब्दकोशात.

सवत घरी नेली की टाळली, ते मलाही कळलेलं नाही. दिवसभर मी गुणगुणत होते, शेजारीण विचारत होती काय झालं.

५ जून, शनिवार

तात्या परत. बक्षीस नाही. पहिला नंबर आंबवड्याच्या कुणाच्या तरी आंब्याला. तात्यांना त्याचं काही नाही, त्यांनी तोही खाऊन बघितला, चांगला होता म्हणाले.

मजा निराळीच. नावं वाचणारे गृहस्थ ह्या नावापाशी अडले आणि 'रामजी यांचा आंबा' म्हणून पुढं गेले. तर मागून कुणी बाईनं विचारलं, नाव का गाळलं. तेव्हा त्यांनी कागद तात्यांच्याच हातात दिला. तात्यांना वाचता येत नाही. त्यांनी तोंडी सांगितलं, मुंडावळीसकट. मग गर्दी पाट्यांवर आली. मांडायला ठेवलेले आंबेसुद्धा उरले नाहीत, पाट्या रिकाम्या आल्या. बायका कोयी धुऊन पदरात बांधून नेत होत्या. तांबड्या शाईवाले गृहस्थही त्यात होते असं तात्या म्हणतात. ते त्यांना कसे ओळखू आले? म्हणाले, बोटाला शाई हुती.

आजींनी सगळं दोनदा सांगायला लावलं.

१५ जून, मंगळवार

डाकवाल्यानं कार्ड दिलं. पत्ता बघून यांच्या हातात द्यायला गेले, तर नाव माझं. चि. सौ. इंदूस. पाच वर्षांत पहिल्यांदा.

मामंजींचा खोकला बरा आहे. चूल मी सरकवली तशीच ठेव. लोणच्याला मीठ कमी पडलं आहे. वाईचं एक अक्षर नाही, 'हो' नाही की 'नाही' नाही. दोनदा उलटून बघितलं. शेवटी बारीक अक्षरात, जागा संपत आली होती म्हणून कडेनं वर चढवत: 'तीनपैकी एक कोय रुजली. तांबूस पान आले आहे. तिला हाक काय मारायची ते तू कळव. मी ठरवणार नाही.'

हे वाचून म्हणाले, काय कळवणार? म्हटलं, बघते.

कोरं कार्ड घेऊन उंबऱ्याशी बसलेय. एक नाव लिहिलं, खोडलं. दुसरं लिहिलं, स्वतःशीच हसले, तेही खोडलं. जागा थोडी राहिली आहे. डाकवाला परत शुक्रवारी येतो.